बिनचेहऱ्याची शरीरं

रंजिता शहारे गोंदियाच्या फुलचूरला राहायला येऊन सहा वर्षं झाली, पण ती नेमकं काय करते हे गल्लीत कुणालाच धड सांगता येत नाही. समोरच्या किराणा दुकानदाराला वाटतं, बाई साड्यांची डिझाइनं काढते. शेजारच्या चेतनाला एकदा खिडकीतून टेबलावरचं मूत्रपिंडाचं चित्र दिसलं. तेव्हापासून ती रंजिताला डॉक्टरच समजते आणि कपडे वाळत घालता घालता विचारते, "म्याडम, मम्मी के घुटने का कुछ बताओ ना." रंजिता दोघांचंही खोडून काढत नाही. खरं सांगायला गेलं की फार मागून सुरुवात करावी लागते.

ती शरीराच्या आतली चित्रं काढते. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांच्या जाडजूड पुस्तकांत हृदयाच्या झडपा, गुडघ्यातले बंध, शस्त्रक्रियेच्या पायऱ्या अशी जी चित्रं असतात ना, ती कुणीतरी बसून काढलेली असतात. त्यातली शेकडो रंजितानं काढलेली आहेत.

तिचं मूळ गाव गोंदिया जिल्ह्यातल्याच प्रतापगडाच्या पायथ्याशी, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. वडील देवाजी गवंडीकाम करायचे, आई लीलाबाई भाताच्या रोवणीला आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जायची. रंजिताच्या पाठचा भाऊ बंटी, तिच्याहून पाच वर्षांनी लहान. थंडी पडली की बंटीचे सांधे दुखायचे. साधं दुखणं नाही. पोरगं रडून रडून आवाज बसेपर्यंत ओरडायचं. कुणी वात म्हणालं, कुणी काही. शेवटी तो आठ वर्षांचा असताना देवाजी आणि लीलाबाईनं त्याला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सोबत तेरा वर्षांची रंजिता होती, कारण कागद वाचायला घरात तीच.

तिथल्या डॉक्टरनं सिकलसेल असं नाव सांगितलं. केसपेपरच्या मागच्या बाजूला त्यानं पेनानं दोन आकृत्या काढल्या, एक गोल आणि एक वाकडी. म्हणाला, "चांगली पेशी अशी गोल असते. तुमच्या मुलाच्या रक्तात अशा विळ्यासारख्या पेशी आहेत."

बंटी वाकून पाहत होता. त्यानं विचारलं, "म्हंजे माझ्या आंगात इळे आहेत का?"

डॉक्टर हसला. बाकी कुणी हसलं नाही.

परतीच्या गाडीत बंटी खांबासारखा बसून राहिला. पाणी प्यायला मान वळवेना, पाय हलवेना. आईनं विचारलं, "काऊन रे बाबू, काय दुखून राहिलं?" तर म्हणे, "हललो त कापतीन ना."

रंजिताला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं दप्तरातली गणिताची वही काढली. दोन बांधांच्या मधून जाणारी अरुंद पांदण काढली. तिच्यावरून चाललेल्या गोल चाकांच्या बैलगाड्या काढल्या आणि मधेच एक गाडी काढली, जिचं चाक वाकलेलं होतं. ती आडवी होऊन अडकली होती आणि मागे गाड्यांची रांग लागली होती. वही बंटीच्या मांडीवर ठेवून ती म्हणाली, "कापत नाही रे. अडकते. मागं सगळ्या थांबतात ना, म्हणून दुखते."

बंटीनं बराच वेळ चित्र पाहिलं. मग विचारलं, "मंग बैल काय करते?"

"उभा राहते."

"अन् पानी पेलं त?"

"तर पांदण ओली होते, गाडी सरकते." हे तिनं तिथंच रचलं होतं, पण डॉक्टरनं भरपूर पाणी पाजायला सांगितलं होतंच. बंटीनं बाटली तोंडाला लावली. तुमसर की तिरोडा, कुठलं स्टेशन होतं ते तिला आठवत नाही, पण तो हलला ते आठवतं. पुढे तिला कुणी विचारलं की तुम्ही या कामात कशा आलात, तर ती हेच सांगते. विचारणारे फार नाहीत.

बारावीनंतर ती नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात गेली. समाजकल्याणच्या वसतिगृहात राहायची. तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात बंटी गेला. छातीत दुखायला लागलं आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. पंधरा वर्षांचा होता. रंजिता गावी पोचली तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता. घरात त्याचा एकही धड फोटो नव्हता. शाळेच्या सामूहिक फोटोत तिसऱ्या रांगेत एक पुसट डोकं होतं, तेवढंच. लीलाबाई म्हणाली, "तू त चित्रं काढतेस, याचं काढून दे. भिंतीले लावतो."

रंजिता चार दिवस बसली. नाक जमलं, कान जमले. कानांना तो सतत हात लावायचा. डोळे जमेनात. शेवटी जसं झालं तसं तिनं आईपुढे ठेवलं. लीलाबाईनं पाहिलं, हात फिरवला आणि कागद उलटा ठेवला. "हा बंटी नोहोय," ती म्हणाली. रागानं नाही, नुसतं सांगितलं.

त्यानंतर रंजितानं चेहरे काढणं सोडलं.

कॉलेज संपल्यावर एका वैद्यकीय महाविद्यालयात, शरीररचनेच्या विभागात, तिला चित्रकाराची कंत्राटी जागा मिळाली. दिवसभर विच्छेदनाच्या दालनात उभं राहायचं आणि विद्यार्थ्यांसाठी तक्ते करायचे. पहिले आठ दिवस फॉर्मॅलिननं तिचे डोळे इतके चुरचुरले की रेघ दोन-दोन दिसायची. टेबलावरच्या प्रत्येक देहाच्या तोंडावर ओलं फडकं टाकलेलं असायचं. इतरांना त्या फडक्याची भीती वाटायची, रंजिताला ते सोयीचं वाटलं.

तिथला परिचर छोटेलाल तीस वर्षांपासून त्याच दालनात होता. तो तिचं चित्र पाहायचा, मग चिमट्यानं एखादी नस उचलून दाखवायचा. "ये यहाँ से निकली है, बिटिया. आपने वहाँ से निकाली."

"पुस्तकात तिथूनच आहे."

"किताब जैसी ढूँढोगी तो नहीं मिलेगी. हर आदमी अंदर से अलग बंधा है. जो दिखे, वो बनाओ."

छोटेलालचं शिक्षण सातवीपर्यंत झालं होतं. रंजिता सांगते की हे काम तिला त्यानंच शिकवलं. प्राध्यापकांना मात्र पुस्तकासारखंच चित्र हवं असायचं, कारण परीक्षेला तेच येतं. ती दोन्ही काढायची. पुस्तकासारखं तक्त्यावर आणि दिसलेलं आपल्या वहीत. त्या वहीत तारीख, टेबलाचा नंबर आणि 'याची धमनी दोन शाखांची' अशा नोंदी. नावं कुठेच नाहीत, कारण तिलाही ती माहीत नसायची. अकरा वर्षांत अशा नऊ वह्या भरल्या.

तिचं लग्न ठरता ठरता राहिलं, ते याच काळात. मुलगा तुमसरचा, इंद्रकुमार. शाळेत विज्ञान शिकवायचा. दोन-तीनदा नागपूरला येऊन भेटला, तलावाकाठी बसून दोघांनी मक्याची कणसं खाल्ली. त्याला तिचं काम विचित्र वाटत नव्हतं, उलट प्रश्न विचारायचा. रंजिताला वाटलं, जमेल. पण तिनं आधीच रक्त तपासून घेतलं होतं आणि ती वाहक होती. आजार नाही, पण पुढे देऊ शकेल अशी. तिनं त्यालाही तपासणी करायला लावली. तोही वाहक निघाला.

दोन्ही घरची माणसं देवाजीच्या ओसरीत बसली होती. कुणालाच नीट कळत नव्हतं की दोघं धडधाकट असताना अडचण कसली. रंजितानं कागद घेतला. वर एक बाई आणि एक पुरुष काढला, दोघांना अर्धा अर्धा रंग दिला. खाली चार लेकरं काढली. एक पांढरं, दोन अर्धी रंगवलेली, एक पूर्ण रंगवलेलं. म्हणाली, "प्रत्येक बाळंतपणाला असं. चारांत एक."

इंद्रकुमारनं कागद हातात घेतला. "चारांत एकच ना?" तो हळू म्हणाला. "आणि आता पोटातच तपासणी होते. मी तयार आहे."

"तो एक मी पाहिला आहे," रंजिता म्हणाली.

लीलाबाई उठून आत गेली. इंद्रकुमारनं कागदाची घडी करून खिशात घातली. नंतर त्याची दोन पत्रं आली आणि एक फोन. तिनं नाहीच म्हटलं. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. ती सांगते, तिच्या हातून निघालेलं ते सगळ्यात सोपं चित्र होतं, बघणाऱ्या प्रत्येकाला कळलं.

पुढे महाविद्यालयात संगणकावर फिरवून पाहता येणारं शरीर आलं आणि तिची जागा गेली. देवाजी आधीच वारले होते. लीलाबाईला घेऊन ती गोंदियाला आली आणि दिल्लीच्या एका प्रकाशनासाठी घरूनच चित्रं काढू लागली. लीलाबाई तीन वर्षांनी गेली. मग रंजितानं मोठं घर सोडून फुलचूरच्या या दोन खोल्या घेतल्या. ईमेलवर मजकूर येतो, ती चित्र पाठवते, दुरुस्त्या येतात, ती परत पाठवते. कधी कधी आठवडाभर तिचं बोलणं दुधवाल्याशी आणि चेतनाशीच होतं. टेबलावर सतत माणसं असतात, पण कुणाला मान नाही, कुणाला फक्त हात आहे.

एकदा तिनं पंडुरोगाच्या, म्हणजे रक्तक्षयाच्या, प्रकरणासाठी हात आणि ओठ काढले. रंग तिच्या गावातल्या माणसांचा दिला. संपादिकेचा फोन आला. "रंजिता जी, स्किन न्यूट्रल रखिए."

"न्यूट्रल मतलब?"

त्याच दुपारी रंगाचा नमुना आला. सोललेल्या बटाट्याचा असतो तसा. रंजितानं तो दिला. पण तिला राहून राहून वाटत राहिलं, बंटीचे गाल कधीच पांढरे पडले नव्हते. आई त्याचा तळहात पाहायची, खालची पापणी ओढून पाहायची, आणि मग म्हणायची, रक्त कमी झालं. या पुस्तकावरून शिकलेला पोरगा उद्या जिल्ह्यातल्या सालेकशाला डॉक्टर म्हणून आला तर त्याला काय दिसणार?

दोन वर्षांपूर्वी एका आरोग्य संस्थेच्या दुर्गेश्वरी बिसेन तिला शोधत आल्या. त्यांना सालेकसा भागातल्या आशाताईंसाठी सिकलसेलची चित्रपुस्तिका हवी होती. आशाताई ती मांडीवर धरणार, पानं उलटत बायांना समजावणार. रंजितानं दोन महिने जीव ओतला. प्लीहा आतून कशी दिसते, रक्तवाहिनी कशी तुंबते, मानेपासून मांडीपर्यंतची, पोट उघडलेली बाई. इतकं नीट काम तिनं दिल्लीसाठीही केलं नव्हतं. रंग यावेळी तिच्या मनासारखा होता.

मार्चच्या शेवटी ती गाडीनं सालेकशाला उतरली आणि दुर्गेश्वरींबरोबर एका आडगावच्या अंगणवाडीत गेली. बाया मोहाची फुलं वेचून उशिरा आल्या. गावच्या आशा सुलोचनाबाईनं पुस्तिका मांडीवर घेतली आणि पान उघडलं. बायांनी पदर तोंडाला लावले. दुसरं पान. मग धुरपताबाई नावाची म्हातारी पुढे सरकली आणि चित्रावर बोट ठेवून विचारलं, "हे बाई कोन होय जी?"

"कुणी नाही, आजी," रंजिता म्हणाली. "कुणीही. म्हणजे तुम्ही, मी."

"माझं मुंडकं त हाये," धुरपताबाई म्हणाली. बाया हसल्या. म्हातारी हसली नाही. "इचं कोनं कापलं? मेली का?"

"मेली नाही. आतलं दिसावं म्हणून..."

"मुंडकं नाई, पोट फाडलं, अन् मेली नाई म्हंते." तिनं शेजारणीकडे पाहिलं. "मी नाई जात बाप्पा असल्या दवाखान्यात."

बैठक तिथंच संपल्यात जमा झाली. बाहेर सडकेपर्यंत सोडायला आलेली सुलोचनाबाई म्हणाली, "राग नोका मानू जी. चित्र लय साजरं हाये. पन बायायले वाटते, रक्त द्याले गेलं का असंच करतात. मी महिनाभर मागं लागतो तवा एक बाई तपासाले येते. हे दाखवलं त तेही नाई येणार."

परतीच्या गाडीत रंजिताला राग आला तो म्हातारीचा नाही. वीस वर्षं ती हे काम करत होती आणि हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. ज्या देहांच्या तोंडावर फडकं होतं, त्यांना चित्रात मुंडकं द्यायची गरजच तिला कधी वाटली नव्हती.

पंधरा दिवसांनी ती एकटीच परत गेली आणि सुलोचनाबाईच्या घरी चार दिवस राहिली. ओसरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात काढले, तळहात काढले, पापण्या काढल्या. बाया हात पुढे करायच्या आणि आपलाच हात कागदावर पाहून खुश व्हायच्या. पण चेहऱ्याशी पेन्सिल आली की थांबायची.

तिसऱ्या दिवशी भूमिका नावाची मुलगी आली. चौदा वर्षांची, सिकलसेलची रुग्ण, हडकुळी, डोळ्यांच्या पांढऱ्यात किंचित पिवळेपणा. ती कुणाशी बोलत नव्हती, पण रंजिताच्या समोर बाजेवर तासभर बसली. आणि रंजिताचा हात चालला. कपाळ, भुवया, मग डोळे. पुऱ्या तेवीस वर्षांनी तिनं डोळे काढले आणि ते त्या मुलीचेच होते. सुलोचनाबाई मागून पाहत होती. "वा जी," ती म्हणाली, "हे त भूमिकाच होय."

म्हणूनच पंचाईत झाली. भूमिकाची आई शेतावरून आली, तिनं चित्र पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "हे पुस्तकात छापता?"

"तुम्ही हो म्हटलं तर."

"माझ्या पोरीचं थोबाड गावोगाव फिरवता, का इले बिमारी हाये म्हनून? उद्या कोन करन इले? तुम्ही करून द्यान लगन?"

सुलोचनाबाई मधे पडायला गेली, रंजितानं तिला थांबवलं. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. तिनं कागद वहीतून फाडून भूमिकाच्या आईच्या हातात दिला. आईनं तो घेतला. फाडला मात्र नाही. घडी न घालता, दोन्ही हातांत धरून घरी नेला.

शेवटच्या दिवशी सकाळी सुलोचनाबाईचा नवरा ओसरीच्या खांबाला आरसा अडकवून दाढी करत होता. त्याचं झाल्यावर रंजिता तिथं जाऊन बसली. उशीर केला असता तर तिनं केलंच नसतं. तिनं स्वतःची खालची पापणी बोटानं ओढली आणि डाव्या हातानं धरून उजव्या हातानं काढू लागली. मग जीभ. मग तळहात. मग पूर्ण बाई, डोक्यापासून पायापर्यंत, बाजेवर बसलेली, त्रेचाळीस वर्षांची, कानशिलावर पांढरे केस, गळ्याजवळ तीळ. पोट उघडायची गरज पडली नाही. आत काय चाललंय ते तिनं बाजूला, शेतातल्या पांदणीसारखं, वेगळं काढलं.

दुर्गेश्वरींनी मसुदा पाहिला. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'ही रंजिताबाई. ही सिकलसेलची वाहक आहे.' त्या अवघडल्या. "अहो, नाव तरी बदलू या. कुणी ओळखीचं पाहिलं तर?"

"राहू द्या," रंजिता म्हणाली. "माझं आता काय अडणार आहे?"

पुस्तिका पावसाळ्यात छापून आली. चित्रकाराचं नाव कुठेच नव्हतं. संस्थेचं होतं. पण पहिल्या पानावर ती स्वतःच बसली होती. तीसेक गावांत आशाताई ती मांडीवर घेऊन हिंडू लागल्या. रक्त तपासायला येणाऱ्या बाया वाढल्या, असं दुर्गेश्वरींनी कळवलं. एकदा आमगावच्या प्लॅटफॉर्मवर एका अनोळखी बाईनं रंजिताकडे रोखून पाहिलं, जवळ आली आणि विचारलं, "बरं वाटते का आता?" रंजिता हो म्हणाली. बाईनं पिशवीतून दोन पेरू काढून दिले आणि गाडीत चढली.

गेल्या महिन्यात सुलोचनाबाईचा फोन आला. "म्याडम, एक विचारू का? बाया विचारतात, या रंजिताबाईले लेकरं किती. मी काय सांगू?"

"नाहीत म्हणून सांगा."

"सांगतलं जी, आधीच. त म्हंतात, एकटी बरी नाई दिसत बाजीवर. एखादं लेकरू काढून मांगा म्याडमले. पुढच्या छपाईत."

रंजिता टेबलाशी उभी होती. समोर दिल्लीच्या पुस्तकातला गुडघा अर्धा रंगवून पडला होता. लेकरू काढायला अर्धा तास लागला असता.

"नको," ती म्हणाली. "खोटं होईल ते."

सुलोचनाबाईनं 'बरं' म्हटलं. मग म्हणाली, "मंग मले काढा बाजूले. माझं थोबाड कोठंबी चालते, माझं लगन झालं हाये." आणि स्वतःच मोठ्यानं हसली. "बेस्तवारी गोंदियाले येऊन राहिलो, मीटिंग हाये. तुमच्या घरीच येतो, समोर बसतो. पत्ता सांगजा."

रंजितानं पत्ता सांगितला. फुलचूर नाक्यावरून आत, पाण्याच्या टाकीपासून डावीकडे, किराणा दुकानासमोर. सांगताना तिच्या लक्षात आलं की हे ती कुरिअरवाल्याशिवाय कुणाला प्रथमच सांगत होती.

गुरुवारी तिनं टेबल खिडकीपासून सरकवून समोर दुसऱ्या खुर्चीला जागा केली, चांगला उजेड येईल अशी. खुर्ची चेतनाकडून आणली. साडेबाराला फोन आला. मीटिंग पुढच्या महिन्यावर गेली होती, सुलोचनाबाई गावातून निघालीच नव्हती. "येईन ना जी," ती म्हणाली, "पक्की येईन."

चेतनानं खुर्ची लगेच परत मागितली नव्हती, म्हणून रंजितानं ती तिथंच ठेवली. मग ती कामाला बसली. संध्याकाळपर्यंत गुडघ्याचे बंध पूर्ण झाले.